हिंग लावून विचारलेला प्रश्न

सासऱ्यांच्या आतड्याला पीळ पडला तेव्हा त्यांना जर्मनीत येऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. सासूबाईंच्या मते सगळा दोष ब्रेत्सेलचा. स्टुटगार्टच्या स्टेशनबाहेर नवऱ्याने हौसेने घेऊन दिलेला तो खारट, गाठ मारलेला पाव सासऱ्यांनी अख्खा खाल्ला होता. "पिळाची वस्तू पोटात गेली की पीळ पडणारच," असं त्या मला समजावून सांगत होत्या. मला, म्हणजे जिने सात वर्षं सर्जिकल वॉर्डात नर्स म्हणून काढली तिला. मी म्हटलं, "आई, मग चकल्या खाऊन आपण सगळे कधीच खपलो असतो." त्या म्हणाल्या, "चकली भाजणीची असते."

खरं कारण साधं होतं. तरुणपणी त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं, त्या जुन्या जखमेपाशी आतडं चिकटून अडकलं होतं. सर्जनने पोट उघडलं, आतडं मोकळं केलं, पोट शिवलं. तिथवर सगळं छान झालं. मग त्यांना खोली मिळाली ती नेमकी माझ्या वॉर्डात.

जर्मनीत वॉर्डाला स्टेशन म्हणतात. आमच्या स्टेशनवर पोटाचे, ग्रंथींचे आणि मूत्रपिंडाचे असे तिन्ही तऱ्हेचे पेशंट असत. माझ्या भारतातल्या पदवीला मान्यता मिळायची होती, तोवर मी तिथे मुख्य नर्सच्या हाताखाली काम करत होते. मुख्य नर्स श्वाबेनकडची, म्हणजे त्याच मुलखातली, खांद्याने रुंद, मनाने बरी आणि नियमाला पक्की. तिने पहिल्याच दिवशी मला बजावलं, की घरच्या माणसाची शुश्रूषा आपण करायची नाही. त्या खोलीत मी फक्त पाहुणी.

मला राग आला, पण सासऱ्यांना तो नियम इतका आवडला की जणू त्यांनीच तो केला होता. मुळात माझं काम त्यांच्या पचनी पडलेलं नव्हतं. लग्नाच्या वेळी ते पाहुण्यांना "सूनबाई हॉस्पिटलात असतात" एवढंच सांगत, आणि समोरचा "अरे वा, डॉक्टर!" म्हणाला की पानाला चुना लावण्यात गुंग होत. माझ्याशी ते सरळ बोलतही नसत. मी चहा घेऊन समोर उभी असताना ते सासूबाईंना म्हणत, "सूनबाईंना म्हणावं, साखर नको." त्यांना मधुमेह होता, साखर नको हे मलाच जास्त ठाऊक होतं.

आता तेच गृहस्थ मागून बांधायच्या, मागून पुरत्या न मिटणाऱ्या झग्यात पडून होते आणि मी लघवीची भांडी घेऊन त्यांच्या दारावरून जात होते. मी दिसले की ते पांघरूण नाकापर्यंत ओढत. मी पण तशी कमी नाही. उगाचच दोन खेपा जास्त घालत असे.

खोलीत तीन खाटा होत्या. खिडकीपाशी मूत्रपिंडाचे एक आजोबा. त्यांची बंद पडलेली मूत्रपिंडं हळूहळू कामाला लागत होती, त्यामुळे दिवसभरात किती लघवी झाली ती मोजायची असे. आकडा वाढला की आजोबा बाटली उजेडात धरून खोलीला दाखवत. मधल्या खाटेवर थायरॉइडची गाठ काढलेला एक सुतार. गळ्याच्या ऑपरेशनात आवाजाची नस दुखावली नाही ना, हे बघायला नर्स त्याला दर वेळी "आ" करायला लावी. आणि दाराशी आमचे सासरे. एकाने लघवी करायची, दुसऱ्याने आवाज काढायचा आणि तिसऱ्यानेही आवाजच काढायचा, फक्त वेगळ्या ठिकाणाहून.

पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी झोपी जातात. ती जागी झाली की नाही हे कळायची जगभर एकच खूण आहे, वारा सरणं. तो सरेपर्यंत तोंडाने काही द्यायचं नाही, सगळं सलाइनमधून. राजा असो की रंक, सर्जरी वॉर्डात सगळे त्या एका आवाजाची वाट बघत असतात. मी पुण्यात असताना वाऱ्याची बातमी घेऊन धावत आलेले नातेवाईक पाहिलेत, पेढे वाटायचेच बाकी असत.

सासऱ्यांचा वारा काही सरेना. पोट टम्म फुगलेलं, चेहरा उतरलेला. मोठ्या सर्जनबाई सकाळी येऊन गेल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "उद्या सकाळपर्यंत आतडी हलली नाहीत तर फोटो काढू. आणि वेळ आलीच तर पुन्हा उघडावं लागेल." सासरे सत्तरीचे, साखर वरखाली होणारी, आधीच दोनदा उघडलेलं पोट. गंमत बाजूला ठेवून सांगते, मी फार घाबरले होते. खाष्ट असतील, पण माझ्या मुलाला मांडीवर घेऊन तासन् तास धरणांच्या गोष्टी सांगणारा माणूस होता तो.

हो, धरणांच्या. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. कुठल्या कालव्यात केव्हा आणि किती सोडायचं हे त्यांनी उभा जन्म ठरवलं होतं.

आता अडचण ही, की वारा सरला का हे त्यांना विचारायचं कुणी? जर्मन नर्सना लाज नव्हती, पण त्यांना भाषा नव्हती. सासऱ्यांना जर्मनमधला एकच शब्द येई, हो म्हणायचा, "या". तोही त्यांना फार आवडे. "किती अगत्यशील माणसं! फोनवरसुद्धा सारखं या, या, या म्हणतात," असं ते कौतुकाने म्हणत. मला भाषा होती, पण मी सून. सून सासऱ्यांना एक वेळ इन्कम टॅक्सबद्दल विचारील, पण हे नाही. सासूबाईंनी विचारावं, तर त्या म्हणाल्या, "बेचाळीस वर्षांत आम्ही या विषयावर बोललो नाही."

मी नवऱ्याला गाठलं. तो गाड्यांच्या धुराड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, म्हणजे दिवसभर वायू मागच्या बाजूने नीट बाहेर कसा पडेल हेच बघण्याचा त्याला पगार. त्याच्याइतका लायक माणूस स्टुटगार्टात सापडला नसता. कंपनीतून त्याने वडिलांच्या खाटेजवळच्या फोनवर फोन लावला. मी दाराबाहेर उभी राहून ऐकत होते. पलीकडून त्याने काय विचारलं ते मला संध्याकाळी कळलं.

"बाबा, ते... एक्झॉस्ट झाला का?"

"कुठे?" सासरे म्हणाले.

"म्हणजे बॅक प्रेशर वगैरे काही..."

"तुझी गाडी बिघडली आहे का? मग तिकडे बघ. मला इथे काय विचारतोस?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आपल्याकडे म्हण आहे, पादऱ्याला पावट्याचं निमित्त. इथे निमित्ताला आम्ही सगळे एका पायावर तयार होतो, पादऱ्याचाच पत्ता नव्हता.

त्या दिवशी माझी दुपारची पाळी होती, सकाळी मी नुसती पाहुणी म्हणून आले होते. भेटायच्या वेळेत नवरा सासूबाईंना घेऊन आला, त्यांना खोलीत सोडून गाडीला जागा शोधायला गेला. त्या भागात गाडीला जागा मिळणं म्हणजे कन्येला स्थळ मिळण्यापेक्षा कठीण, त्यामुळे सासूबाईंना भरपूर वेळ मिळाला. मग तो आला, त्यांना घेऊन घरी गेला. जाताना सासूबाई माझ्याकडे बघून हसल्या. ते हसणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

थोड्या वेळाने मी शेजारच्या खोलीत एका बाईंच्या बोटातून साखर तपासायला रक्त घेत होते, तेवढ्यात बाहेर गलका झाला. आमची तरुण नर्स कॉरिडॉरमध्ये जवळजवळ नाचत होती. "झालं! तुझ्या सासऱ्यांचं झालं! खोलीत जाऊन बघ, म्हणजे नको बघू, दार उघडं ठेवलंय!" मुख्य नर्सही नाकावर हात धरून समाधानाने बाहेर येत होती. असा वारा आपण पंचवीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही, असं ती म्हणाली. मधल्या खाटेवरच्या सुताराला खोकला लागला होता. आजोबांनी खिडकी उघडली होती आणि ते टाळ्या वाजवत होते.

मला इतका आनंद झाला की मी त्या बाईंचं बोट तसंच धरून उभी राहिले. मग वास माझ्यापर्यंत आला.

वरण. मला आधी वरण आठवलं. मग फोडणी, मग माझ्या मुलाचं तान्हेपण, त्याचं गच्च झालेलं पोट आणि बेंबीभोवती सासूबाईंचं फिरणारं बोट. हा वारा नव्हता, हा हिंग होता! तोही साधासुधा नाही, त्यांनी भारतातून तीन पिशव्यांच्या आत बांधून आणलेला, सूटकेसमधल्या साड्यांनासुद्धा आमटीचा वास लावणारा खडा हिंग. तो कोमट पाण्यात उगाळून त्यांनी सासऱ्यांच्या बेंबीभोवती थापला असणार, जखमेवर पट्टी होती तिच्या कडेकडेने.

मी मुख्य नर्सला म्हटलं, "हा वास त्यांचा नाही. हा मसाला आहे."

ती माझ्याकडे दयेने बघू लागली. सुनेला लाज वाटते, हे तिला कुणीतरी सांगितलेलं असावं. "लाजू नकोस," ती म्हणाली. "हे नैसर्गिक आहे."

"अहो, खरंच मसाला आहे. आम्ही जेवणात घालतो."

"हे?" ती म्हणाली. "जेवणात?" आणि तिचा माझ्यावरचा उरलासुरला विश्वासही उडाला.

तरुण नर्स मध्ये पडली. "पण सकाळी मी त्यांना श्टूल विचारलं, तेव्हाही ते या या म्हणाले! तीनदा विचारलं, तीनदा हो. चांगले खूश होते." श्टूल म्हणजे शौच. ही बातमी तिने मघाशीच फोनवरून छोट्या डॉक्टरांना दिली होती, वास आल्याचंही सांगितलं होतं. डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेले. त्यांनी तिथूनच सांगितलं, मग आता पातळ सूप सुरू करा. आणि बातमी वर मोठ्या सर्जनबाईंपर्यंत पोचली की उद्या सकाळी त्या पोटाला हात न लावता "सुंदर!" म्हणून पुढे निघून जाणार, हे मला लख्ख दिसत होतं.

तेवढ्यात सुपाची गाडी त्या खोलीत शिरली. मग मी कसला नियम पाळते! पाहुणी तर पाहुणी, मी धावतच आत गेले. सासरे उशीला टेकून बसले होते, गळ्याशी रुमाल, हातात चमचा, तोंडावर कित्येक दिवसांच्या उपाशी माणसाचा निर्मळ आनंद. पोट झग्यातून नगाऱ्यासारखं वर आलेलं. मी त्यांच्या पुढ्यातला वाडगा उचलला.

ते बघतच राहिले. मग माझ्या डोक्यावरच्या भिंतीला उद्देशून म्हणाले, "सूनबाईंना म्हणावं, ते माझं आहे."

"बाबा, सकाळी नर्सने तुम्हाला काय विचारलं?"

"कधी?"

"श्टूल, श्टूल म्हणून."

"हां. स्टूल हवंय का विचारत होती. मी म्हटलं हो, ही दुपारी येते, तिला बसायला नको?" मग त्यांचा आवाज चढला. "तीनदा विचारलं, तीनदा हो म्हटलं. एकदाही आणून दिलं नाही! नुसतं विचारायचं आणि काहीतरी खरडून हसत हसत जायचं. ही कसली पद्धत?"

हसावं की रडावं मला कळेना. एका माणसाने बायकोसाठी बसायला स्टूल मागितलं होतं आणि आमच्या स्टेशनने त्याचं पोट साफ झाल्याची नोंद केली होती. मी वाडगा हातात धरून मनातल्या मनात शब्द शोधू लागले. वायू, गॅस, अधोवायू, पोटातली हवा. सगळे शब्द सोवळ्यातले, कुठल्याही शब्दाला ते पुन्हा गाडीच समजले असते. आणि तोवर माझं डोकं फिरलं. एखाद्याला कुणी हिंग लावून विचारत नाही असं आपण म्हणतो. इथे हिंगही लावून झाला होता, विचारायचंच तेवढं राहिलं होतं.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही पादलात का?"

मराठीचा गंध नसलेले ते दोन जर्मनसुद्धा वळून बघू लागले. दारात मुख्य नर्स उभी होती, तीही. सासऱ्यांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता हे उठतील आणि सलाइनसकट भारतात चालते होतील. त्यांनी चमचा रुमालावर ठेवला, रुमालाची घडी केली, आणि पहिल्यांदाच भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"नाही गं," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "एकदाही नाही. मी मरतोय का?"

त्या "गं"ने माझा राग कुठल्या कुठे गेला. मला भडभडून आलं. हा माणूस इतके दिवस पांघरुणाखाली हाच प्रश्न धरून पडला होता आणि आम्ही त्याच्याशी गाडीबद्दल बोलत होतो. मी म्हटलं, "मरत वगैरे काही नाही. झोपलीयत आतडी, उठवू. पण आता माझं ऐकायचं."

मुख्य नर्सला मी सगळं सांगितलं. स्टूल म्हणजे आमच्याकडे बसायची तिवई, तो वास म्हणजे हिंग, आणि या क्षणी पोटात पानही हललेलं नाही. तिने कान देऊन ऐकलं, पोटाला हात लावला, कडक लागलं तसा तिचा चेहरा बदलला. बेंबीजवळ बोट फिरवून नाकाशी नेलं आणि झटकन मागे घेतलं. "आल्झो," ती म्हणाली, "बरं. सूप परत. डॉक्टरांना मी सांगते. यांना चालवायला हवं." मग कॉरिडॉरकडे बघत म्हणाली, "माझं नाकसुद्धा आज चुकलं, तर डोळ्यांना तरी कशाला बरोबर दिसायला हवं? तू ने त्यांना. मी काही बघितलं नाही."

आधी मी त्यांची साखर तपासली. मग पोटावर ओला गरम टॉवेल ठेवला, कुशीवर वळवलं, पाय खाली सोडून बसवलं. जखमेवर उशी दाबून धरायला दिली, कारण उभं राहताना टाके ओढतात. झग्याला मागून दुसरा झगा उलटा चढवला, म्हणजे अब्रू दोन्ही बाजूंनी झाकली गेली. हे सगळं ते निमूटपणे करून घेत होते. एका हाताने पोटाशी धरलेली उशी, दुसरा हात माझ्या हातात आणि सलाइनचा चाकाचा दांडा मी ढकलतेय, असे आम्ही कॉरिडॉरमध्ये निघालो. या टोकाला लिफ्ट, त्या टोकाला कुंडीत एक रबराचं झाड. सासरे झाडापाशी पोचले की थोडं थांबत आणि त्याच्याकडे असं बघत, की जणू ते त्यांच्या परवानगीशिवाय पाणी पितंय.

दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत ते मध्येच थबकले. कपाळावर घाम आला.

"सूनबाई, तू जरा पुढे हो."

"का? चक्कर येतेय का?"

"चक्कर नाही. तू पुढे हो म्हणतो ना."

माझ्या लक्षात आलं. "बाबा, मी हात सोडला तर तुम्ही पडाल. मी काही हलणार नाही."

"बरं दिसत नाही ते."

"पादा पण नांदा, असं आपल्याकडे उगाच म्हणतात का? मी तिकडे बघते." आणि मी आग विझवायच्या नळकांड्यावरची जर्मन सूचना मोठ्यांदा वाचू लागले.

तिसऱ्या ओळीला आवाज आला. आधी बारीक, शंकेखोर, दार किलकिलं करून बघावं तसा. मग थांबला. मग जो काही निघाला, त्याचं वर्णन मी करणार नाही, सासरे आहेत माझे. इतकंच सांगते, की लिफ्टची वाट बघणाऱ्या एका बाईंनी बाजूला होऊन वाट करून दिली. आतून आजोबांनी "ब्राव्हो!" असा पुकारा केला आणि ज्याचा आवाज तपासत होते त्या सुताराने खणखणीत हसून आपली नस शाबूत असल्याचं सिद्ध केलं. मुख्य नर्स धावत आली, हवेत नाक वर केलं आणि न्यायाधीशासारखी म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर. हा खरा."

मी हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सासरे वर छताकडे बघत, ताठ उभे होते.

तेवढ्यात तरुण नर्स स्टेशनचा बिनतारी फोन घेऊन आली. घरून सासूबाई होत्या, हिंगाचा गुण आला का ते विचारायला. मी फोन घ्यायला हात पुढे केला, पण सासऱ्यांनी उशी माझ्याकडे दिली आणि फोन स्वतः घेतला.

"अगं, पादलो!" ते म्हणाले. निवृत्तीनंतर इतक्या मोठ्या आवाजात ते प्रथमच बोलले असावेत. "हो, हो. आत्ता. चांगला दणदणीत." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "छे, एकटा कुठे? सूनबाई होती ना. हात धरून उभी होती." मग "ठेवतो," म्हणाले.

त्यांनी फोन परत दिला, उशी पोटाशी धरली. मी त्यांना खोलीकडे वळवू लागले तर ते जागचे हलेनात.

"तू दमलीस का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"मग आणखी एक फेरी मारू. आहे अजून थोडा." चार पावलं गेल्यावर ते म्हणाले, "हात सोडू नकोस."